ऑस्ट्रेलियाच्या तिजोरीला धोका

१४ जानेवारी २०१८, नोएडा

ही डायरी बँकेने फुकट दिली. निवृत्त अवर सचिवाला फुकटात मिळालेली वस्तू वाया घालवता येत नाही, म्हणून लिहायला बसलो. आणि लिहिण्यासारखं आज खरंच घडलं. दुपारी मेलबर्नहून नीलाचा फोन आला. आमच्या कायमच्या व्हिसाची फाइल तिकडे तीन-चार वर्षं कुठल्याशा टेबलावर घोरत पडली होती, ती जागी झाली. आता मेडिकल तेवढं राहिलं. ते पार पडलं की आम्ही दोघं एकुलत्या एका लेकीजवळ राहायला मोकळे.

नातीला आम्ही आजवर दोनदा भेटलो आहोत. एरवी ती आम्हाला फोनच्या काचेत राहणारी माणसं समजते. आजी बाहेर कधी येणार, असं तिने परवा आईला विचारलं म्हणे. हे सांगताना नीला हसत होती, पण फार वेळ हसली नाही.

अलकनंदा तिळगूळ वळत होती. बातमी ऐकून तिने हात धुतले, देवापाशी जाऊन आली आणि पुन्हा वळायला बसली. मी म्हटलं, "अगं, काहीतरी बोल की!" तर म्हणाली, "तिथे तीळ मिळतात का, विचारायला हवं." एवढ्या मोठ्या बातमीवर आमच्या सौभाग्यवतींची ही प्रतिक्रिया. मग पदराने डोळे पुसले. लाडू मात्र आज जरा खारटच लागले.

२१ जानेवारी

रविवारचा शिरस्ता पाळला. मेट्रोने कस्तुरबा गांधी मार्गावर, आपल्या राज्याच्या अतिथिगृहाच्या कँटीनमध्ये अण्णासाहेब आणि मी. अण्णासाहेब माझ्याच मंत्रालयात होते, लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये आमच्या वरच्या मजल्यावर. त्यांचा स्वतःचा मुलगा गुरगावच्या पलीकडे गेलेला नाही, त्यामुळे परदेशच्या नियमांचा त्यांचा अभ्यास दांडगा आहे.

त्यांनी मिसळ खाताखाता नियम समजावला. ऑस्ट्रेलिया सरकारला म्हाताऱ्या आईबापांचं फार कौतुक आहे, फक्त त्यांनी तिकडच्या सरकारी पैशावर औषधपाणी करून घेता कामा नये. नीलाने आधीच एका हमीपत्रावर सही केली आहे, की आम्ही तिथे पोचल्यावर सरकारपुढे भत्त्यासाठी हात पसरणार नाही, पसरला तर ती भरपाई देईल. म्हणजे मी जिला सायकल चालवायला शिकवताना मागून धरत होतो, ती आता मला जामीन. शिवाय मेडिकलमध्ये बघणार की हा माणूस आमच्या दवाखान्यांना किती महागात पडेल. ठरलेल्या मर्यादेच्या वर गेला की नापास. आणि नवराबायकोत एक नापास म्हणजे दोघंही नापास.

मी म्हटलं, "मग काळजी कसली? मी रोज सेक्टर-पार्कला चार चकरा मारतो."

अण्णासाहेबांनी पाव खाली ठेवला. "विनायकराव, तुम्ही फार आजारी आहात."

"मी?"

"कागदावर हो. यार, पंधरा वर्षांचं तुमचं डिस्पेन्सरीचं रेकॉर्ड आठवा जरा."

आठवलं. मिसळीची ताटली बाजूला सारली.

त्याच दिवशी, चहानंतर

वाचणाऱ्यासाठी (म्हणजे माझ्यासाठीच) खुलासा. केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेचं माझं कार्ड ही एक धर्मशाळा आहे. त्यावरची शुगर साताऱ्याच्या माझ्या चुलतभावाची, गुणवंताची. त्याच्याकडे कार्ड नाही, मग मी काय भावाला मरू देऊ? हार्ट आणि बीपी खालच्या मजल्यावरच्या खन्नांचं. बिचारे जन्मभर प्रायव्हेटमध्ये होते. दमा गेटवरच्या गार्डच्या आईचा. थायरॉइड भांडी घासणारीच्या नणंदेचा. दर महिन्याला डिस्पेन्सरीत जाऊन मी हे सगळे रोग स्वतःच्या नावावर उचलतो, पिशवी भरून घरी आणतो आणि ज्याचं त्याला पोचवतो. यात एका पैशाचा फायदा नाही. दिवाळीला खन्ना काजूकतली पाठवतात, तेवढीच. आमच्या सर्विसमध्ये असं करत नाही असा माणूस मला दाखवा, मी त्याचा सत्कार करीन.

आणि आता हा परोपकार माझ्या मुळावर. रेकॉर्ड खोटं म्हणावं तर सरकारची फसवणूक, पेन्शनवर बालंट. खरं म्हणावं तर मी ऑस्ट्रेलियाच्या तिजोरीला धोका.

अलकनंदाला सांगितलं. ती म्हणाली, "मी पहिल्यापासून सांगत होते." बायकांचं हे एक वाक्य सरकारने छापूनच द्यावं.

६ फेब्रुवारी

फिट असल्याचं सर्टिफिकेट आणायला डिस्पेन्सरीत गेलो. अलकनंदाला म्हटलं, तूही चल, तुझंही एक घेऊन ठेवू. नाही म्हणाली. ती गेली कित्येक वर्षं तिथे पाऊलच टाकत नाही. एकदा रांगेत असताना औषधवाल्याने सगळ्यांसमक्ष विचारलं होतं, "आंटीजी, अंकल का दमा कैसा है?" आणि मागच्या बाईने सांगितलं, "कल तो पार्क में दौड़ रहे थे." सगळी रांग हसली. एवढंसं निमित्त, पण आमच्या बाईसाहेबांना लाज वाटली आणि त्यांनी कायमची गाठ मारून ठेवली. मी कितीदा समजावलं. बाण्याची फार. त्यामुळे तिच्या कार्डाचं पान कोरं करकरीत आहे, आणि आता तेच उपयोगी पडणार.

डॉ. मेहरोत्रांनी कॉम्प्युटरकडे बघितलं, मग माझ्याकडे. "सर, शुगर, हार्ट, बीपी, अस्थमा, थायरॉइड, सब चालू है. मैं फिट कैसे लिख दूँ?"

"डॉक्टरसाब, मैं बिल्कुल ठीक हूँ."

"तो इतने साल से दवाई कौन खा रहा है?"

"मैं ही खा रहा हूँ. इसीलिए तो ठीक हूँ."

डॉक्टर मनापासून हसले. मग 'औषधांवर प्रकृती स्थिर' असं लिहून दिलं. चार दशकं फायलींवर नोटिंग केलं, पण इतकं सुरेख वाक्य मला कधी सुचलं नाही.

परत येताना अलकनंदासाठी चपला घेतल्या. जुन्या होईनात म्हणत होती. पाय सुजतात हल्ली. थंडीमुळे, म्हणते. एक नंबर मोठ्या घेतल्या.

१२ फेब्रुवारी

परोपकार बंद केला. खन्नाबाई जिन्यात भेटल्या आणि नमस्तेसुद्धा केलं नाही. गुणवंताचा फोन आला, "दादा, माझ्या गोळ्या?" म्हटलं, विकत घे. माझी शुगर परदेशी चालली आहे.

२ मार्च

होळी. अलकनंदाने पुरणपोळ्या केल्या आणि स्वतः अर्धीसुद्धा खाल्ली नाही. तोंडाला चव नाही, मळमळतं म्हणाली. मी म्हटलं, "आतापासूनच ऑस्ट्रेलियन झालीस का? पोळी नको, ब्रेड आणू?" हसली. उरलेलं पुरण फ्रीजमध्ये ठेवलं आणि दुपारभर झोपून राहिली. हल्ली झोपते फार. जायच्या आनंदात माणूस जरा सैलावतोच.

एरवी तिचा उत्साह दांडगा. गोडा मसाला दळून तीन पाकिटं केलीत. रोज सकाळी फोनवर नातीला एक बडबडगीत शिकवते. नात निम्मे शब्द मराठी, निम्मे इंग्रजी म्हणते, आणि मधला कुठला तरी तिचा स्वतःचा असतो. अलकनंदा तो शब्द दिवसभर घरात घोळवते. काल मला म्हणाली, "तिथे गेल्यावर तिला आपल्यासारखं बोलायला शिकवीन. नीलाचं दिल्लीत राहूनच निम्मं गेलं होतं, हिचं नाही जाऊ देणार." मला जरा भरून आलं. लगेच पेपर वाचायला घेतला.

१९ मार्च

मेडिकल झालं! त्यांनी ठरवून दिलेलं दिल्लीतलंच क्लिनिक. भिंतीवर कांगारूचं चित्र. त्याच्या पिशवीतलं पिल्लू आमच्याकडे असं बघत होतं, की तुमचा खर्च कोण करणार?

डॉक्टरीणबाई पस्तिशीच्या, बोलायला गोड. मी आधीच ठरवलं होतं, रेकॉर्डवर आहे ते आहे. खाली मान घालून पाचही रोग कबूल केले. मग त्यांनी छाती तपासली, रक्त घेतलं, मशीन लावलं, मला पुन्हा बसवलं आणि रिपोर्ट आल्यावर म्हणाल्या, "अंकल, आपकी शुगर तो मुझसे अच्छी है. हार्ट भी फर्स्ट क्लास. ये सब दवाइयाँ किसने लिखीं?"

"सरकार ने," मी म्हटलं.

"तो सरकार से कहिए बंद कर दे."

बाहेर आलो तेव्हा विशीत असल्यासारखं वाटत होतं. अलकनंदा आत होती. तिचं काय, कोरं पान. दाराबाहेर तिचं बोलणं ऐकू येत होतं, "नहीं जी, मैं तो कभी डॉक्टर के पास गई ही नहीं. कुछ हुआ ही नहीं." अभिमानाने सांगत होती. तिचं बीपी त्यांनी तीनदा घेतलं. मशीन बिघडलं असावं.

बंगाली मार्केटला छोले-भटुरे खाल्ले. म्हणजे मी खाल्ले.

२४ मार्च

क्लिनिकमधून फोन. अलकनंदाचं रक्त पुन्हा हवं. माझी खात्री आहे की बाटल्यांची अदलाबदल झाली. कुणाच्या नावावर कुणाचा रोग जाणं आमच्या घराला नवं नाही. मी त्यांना तसं कडक शब्दांत सांगितलं. तिकडची मुलगी म्हणाली, "सर, फिर भी एक बार ले आइए."

५ एप्रिल

आज लिहायचं नव्हतं.

किडनीच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. दोन्ही किडन्या जवळजवळ संपल्या आहेत. वर्षानुवर्षं बीपी वाढलेलं होतं, कुणी बघितलं नाही, त्याने आतल्या आत खाल्लं. लवकरच डायलिसिस सुरू करावं लागेल. डॉक्टर वयाने लहान होते, पण मला शाळामास्तरासारखं विचारलं, "इतने साल में कभी बीपी चेक नहीं करवाया? आप तो कार्डवाले हैं, सब फ्री है आपके लिए."

अलकनंदा म्हणाली, "रांगेत उभं राहायचा कंटाळा, डॉक्टर." मराठीतच म्हणाली. डॉक्टरांना कळलं नाही.

पंधरा वर्षं बीपीच्या गोळ्या या घरातून गेल्या. स्वयंपाकघरातल्या फळीवर, चहाच्या डब्याशेजारी पिशवी असायची. ती स्वतः ती खाली खन्नांकडे नेऊन द्यायची, आणि जिना चढताना तिला धाप लागायची. मी म्हणायचो, वजन कमी कर. मला फार राग आला आहे. कुणाचा ते लिहीत नाही.

१० एप्रिल

खन्नांकडे गेलो, उगाच. त्यांनी बीपी मोजून दाखवलं. उत्तम आहे.

११ मे

ऑस्ट्रेलियाचं पत्र आलं, ईमेलवर. भाषा इतकी सभ्य, की दोनदा वाचल्यावर कळलं आपल्याला हाकलतायत. त्यांच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी हिशोब केला आहे की अर्जदार क्रमांक दोनच्या आजाराचा माणूस त्यांच्या समाजाला फार महाग पडेल. आमचं काही म्हणणं असेल तर कळवावं. लग्नानंतर चाळीस वर्षांनी बायकोची किंमत इतक्या नेमकेपणाने कुणीतरी काढली. मला कधी जमलं नव्हतं.

जावई चांगला मुलगा आहे. म्हणाला, "बाबा, सगळा खर्च आम्ही करू, लिहून देतो." नीलाने विचारूनही बघितलं. नियम असा, की खर्च कोण करणार हा प्रश्नच नाही. असा रोगी तिथे असता तर किती खर्च झाला असता, एवढंच बघायचं. वा! मी मंत्रालयात मदतीच्या अर्जांवर पात्र-अपात्र लिहीत आयुष्य काढलं, पण न झालेल्या खर्चावरून माणूस अपात्र ठरवण्याइतकी झेप आमच्या सेक्शनने कधी घेतली नाही. शिकण्यासारखं आहे.

अण्णासाहेबांना घरी बोलावलं. आम्ही दोघांनी बसून निवेदन तयार केलं. माणुसकी हा शब्द चार ठिकाणी घातला. अण्णासाहेब चष्मा काढून म्हणाले, "विनायकराव, मसुदा उत्तम आहे. पण आपण असल्या अर्जांचं काय करायचो?"

मी म्हटलं, "सहानुभूतीपूर्वक विचार."

"हां. तेच होणार." आणि चहा न घेताच गेले.

अलकनंदाला एवढंच सांगितलंय की कागद अजून तपासतायत. तिचं डायलिसिस सुरू झालंय, आठवड्यातून दोन-तीनदा, चार-चार तास. तिथे शेजारच्या खाटेवरच्या पंजाबी आजीला ती सांगते, "बेटी के पास जा रही हूँ, ऑस्ट्रेलिया. बस कागज आने हैं." आजी विचारते, मशीन पण नेणार का? दोघी हसतात. मी बाहेरच्या बाकावर बसतो.

१८ जून

नकार आला. दोघांनाही. सहानुभूतीपूर्वक विचार केला, असं पहिल्याच परिच्छेदात आहे.

मी हे तिला कसं सांगू? तिने आयुष्यात कुणाचा एक पैसा घेतला नाही, कुणाच्या दारात उभी राहिली नाही, आणि तिच्याच नावापुढे लिहिलंय की ही बाई भार आहे. शिवाय आपल्यामुळे आपल्या नवऱ्याचंही राहिलं, नातीजवळ जाणं राहिलं, हे तिला कळलं तर ती तोंडाने काही बोलणार नाही, आणि मला तेच सहन होणार नाही. रडू आलं. बाथरूममधला नळ सोडून ठेवला होता.

नीलाला फोन करून निक्षून सांगितलं, आईला यातलं अक्षर कळता कामा नये. ती रडत हो म्हणाली.

२० जून

युक्ती सुचली. इतकी साधी की आधी का सुचली नाही. माझ्याकडे पाच उत्तम आजार आहेत, तेही सरकारी शिक्क्यानिशी!

दुपारी दूध आणायला गेलो होतो. परत आलो तर अलकनंदा नुकतीच नीलाशी बोलून फोन ठेवत होती. डोळे लाल. कांदा चिरत होते, म्हणाली. जेवायला दुधीची भाजी होती, कांदा कुठे गेला कळलं नाही.

संध्याकाळी तिला गॅलरीत बसवलं आणि चेहरा पाडून सांगितलं, "अगं, नकार आला. माझ्यामुळे. ते डिस्पेन्सरीचं रेकॉर्ड त्यांनी कुठून तरी काढलं. म्हणाले, हा माणूस पाच-पाच रोगांचा, आमच्या तिजोरीला परवडणार नाही. एक नापास म्हणजे दोघंही नापास. तुझं सगळं ठीक होतं."

तिने मला नीट निरखून बघितलं. मला वाटलं, आता पकडते. पण नाही.

"म्हणजे तुमच्यामुळे," ती म्हणाली.

"माझ्यामुळे."

"खन्नांचं हार्ट आणि गुणवंताची शुगर."

"हो ना."

"मी पहिल्यापासून सांगत होते," असं म्हणून तिने माझा हात हातात घेतला. असं ती सहसा करत नाही, चारचौघांत तर नाहीच, आणि समोरच्या गॅलरीत लोक होते. सुईच्या जागी तिचा हात काळानिळा झाला आहे. मग म्हणाली, "आता आजारी माणसासारखं राहायचं. उद्यापासून तुम्हालाही मीठ बंद. एवीतेवी माझ्यासाठी वेगळं शिजवावंच लागतं, आता दोघांचं एकत्रच होईल."

कबूल केलं. काय करणार?

२४ जून

रविवार. अण्णासाहेबांकडे गेलो नाही. आजारी माणसाने मिसळ खाऊ नये. अळणी आमटी भुरकली. भयंकर लागते.

सकाळी नातीचा फोन होता. बडबडगीत झाल्यावर तिने विचारलं, तुम्ही कधी येणार. अलकनंदा सहज म्हणाली, "अगं सोने, आजोबांना बरं नाहीये ना. त्यांना विमानात नाही बसू देत. आजोबांना एकटं टाकून मी कशी येऊ? तूच ये दिवाळीला आईबरोबर." पलीकडे नीला फोनच्या काचेतून बाजूला झाली. नात म्हणाली, आजोबांना काय झालंय? अलकनंदाने माझ्याकडे वळून बघितलं, आता तुम्हीच दाखवा म्हणून.

मी दोनदा खोकलो. जरा जास्तच जोरात झाला बहुतेक, पण चाललं. बिचारी अलकनंदा! तिला कणभरही शंका आली नाही.